गळक्या गिझरच्या नोंदी : तपास, उघडणी आणि नवी बसवणी

शनिवार, ६ डिसेंबर २०२५

उपकरण : मोठ्या न्हाणीघरातील २५ लिटरचा उभा साठवण गिझर, २००० वॅटची कॉइल, आतून काचेचा लेप दिलेली पोलादी टाकी, दाबाची कमाल मर्यादा ८ बार. बसवल्याचे वर्ष २०१६. घर पुण्याच्या वाघोली भागातील अकरा मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सोसायटीला बहुतांशी टँकरचे व बोअरचे पाणी मिळते. पुढील नोंदींमध्ये या पाण्याचा उल्लेख वारंवार येईल, म्हणून तो येथेच करून ठेवतो.

लक्षण : गिझरच्या खालच्या प्लॅस्टिक झाकणाच्या कडेवरून पाण्याचे थेंब पडत आहेत आणि मागच्या टाइल्सवर तपकिरी रंगाचा एक ओघळ उमटला आहे. गिझर बंद असताना आणि गरम पाण्याचा नळ कोणी वापरत नसतानाही ठिबकणे चालूच राहते. खाली ठेवलेला मग रात्रभरात जवळजवळ भरला.

पहिली कृती विजेची केली. गिझरच्या खालच्या झाकणाआड थर्मोस्टॅट, थर्मल कटआऊट (पाणी फाजील तापल्यास वीज तोडणारी कळ) आणि कॉइलची टोके असतात, म्हणजे पाणी नेमके जिथून पडत आहे तिथेच २३० व्होल्टची जोडणी आहे. भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये तो स्विच न्यूट्रलवर बसवलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून वितरण पेटीतील गिझरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली केला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागल्यास पडणारा खटका) आहे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो. आतापर्यंत तो आपणहून पडला नाही, एवढ्यावरून पाणी जोडणीपर्यंत पोहोचलेले नाही असे समजून अंघोळी चालू ठेवणे मला पटत नाही. थंड पाण्याचा अँगल कॉकही बंद केला. कॉक बंद करताच काही मिनिटांत ठिबकणे मंदावले, म्हणजे गळती लाइनीच्या दाबाखालील भागातच आहे.

रविवार, ७ डिसेंबर २०२५

गिझरखाली पाणी दिसले की ते पाच ठिकाणांपैकी एका ठिकाणाहून आलेले असते : थंड पाण्याच्या जोडणीची चाकी, गरम पाण्याच्या जोडणीची चाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह, कॉइल बसवलेल्या फ्लँजचे (टाकीच्या तळाला नटांनी आवळलेल्या तबकडीचे) गॅस्केट, म्हणजे रबरी चकती, किंवा स्वतः टाकी. पहिल्या चार दुरुस्त्या हजार-दीड हजार रुपयांच्या आत होतात, पाचवीला दुरुस्ती नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, थंड नळीवर दमट हवेचे पाणी साचून गळतीचा भास होतो. पुण्याच्या डिसेंबरमधील कोरड्या हवेत ती शक्यता विचारात घेण्याची गरज वाटली नाही.

दोन्ही जोडण्यांच्या चाक्या पुसून कोरड्या केल्या, त्यांवर टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळली आणि वीज बंदच ठेवून अँगल कॉक उघडला. तासाभराने दोन्ही पट्ट्या कोरड्या होत्या आणि झाकणाच्या कडेवर मात्र थेंब जमले होते. चाक्या आणि कनेक्शन पाइप यादीतून वगळले.

सेफ्टी व्हॉल्व्ह पूर्ण कोरडा होता, आणि तेच खटकले. ज्या घरात नळांच्या जाळ्या दर दोन-तीन महिन्यांनी पांढऱ्या होतात, त्या घरात सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक तोटीच्या तोंडाशी क्षाराचा खडा बसलेला दिसायलाच हवा, कारण ती तोटी थोडे थोडे ठिबकण्यासाठीच दिलेली असते. येथे क्षाराचा एकही डाग नव्हता. घरातील कोणालाही त्या तोटीतून पाणी पडलेले आठवत नाही. टॉर्च अगदी जवळ धरून पाहिल्यावर उलगडा झाला : तोटीच्या भोकात करड्या रंगाची इपॉक्सी लांबी ठासून भरलेली आहे आणि तिच्यावर भरणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट दिसतो.

काही वर्षांपूर्वी अँगल कॉक बदलण्यासाठी एक कारागीर आला होता, तेव्हा हे काम झाले असावे. हेतू वाईट नसणार. तोटीतून पाणी पडताना दिसले आणि त्याने ते बंद केले. असे कारागीर आणि असे काम करवून घेणारे घरमालक, दोन्ही मुबलक आहेत.

सोमवार, ८ डिसेंबर २०२५

बुजवलेल्या तोटीचा नेमका परिणाम काय होतो, ते आज कागदावर मांडले. पाणी तापले की प्रसरण पावते. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचे सध्याचे तापमान २१ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. ते ६० अंशांपर्यंत तापवले तर त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते, म्हणजे २५ लिटरमागे साधारण पावणेचारशे मिलिलिटर पाणी जास्तीचे होते. गरम पाण्याचा नळ बंद असतो. थंड पाण्याच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच एकदिशा झडप असते, जी गरम पाण्याला मागे लाइनीत जाऊ देत नाही. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे टाकीतील दाब चढत जातो आणि व्हॉल्व्हच्या ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की तोटीतून थेंब थेंब पाणी बाहेर पडून तो स्थिर होतो. गिझर तापत असताना ठिबकणारा आणि तापणे थांबल्यावर थांबणारा व्हॉल्व्ह हा त्यामुळे निरोगी व्हॉल्व्ह होय. तो चोवीस तास ठिबकत असेल तरच त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे किंवा लाइनीचा दाब जास्त आहे, असे मानून पुढे तपास करावा.

तोटी बंद असेल तर ते जास्तीचे पाणी कुठे जाणार? बऱ्याच घरांत एकदिशा झडपच गाळामुळे नीट बसत नाही, पाणी गुपचूप मागे लाइनीत सरकते आणि बुजवलेल्या व्हॉल्व्हचे पाप झाकले जाते. झडप चांगली असेल तर मात्र दर वेळी गिझर तापताना टाकी फुगते, निवताना आकसते, आणि हा ताण गॅस्केटवर, वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि काचेच्या लेपावर रोज पडतो. काचेला ताण सोसत नाही. लेपाला केसाएवढी चीर गेली की त्याखालचे पोलाद पाण्याच्या संपर्कात येते.

गरम पाण्याच्या नळावर दाबमापक लावून गिझर तापवला असता तर चढता दाब प्रत्यक्ष मोजता आला असता, आणि तसा मोह झालाही. ज्या टाकीच्या मजबुतीबद्दल शंका आहे आणि जिची सुटकेची वाट बंद आहे, तिच्यावर हा प्रयोग करणे योग्य नाही, म्हणून तो विचार सोडून दिला.

बुधवार, १० डिसेंबर २०२५

लाइनीचा दाब तेवढा मोजला. वॉशिंग मशीनच्या नळावर शून्य ते दहा किलोचा (एक किलो म्हणजे जवळजवळ १ बार) दाबमापक आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला. सर्व नळ बंद असताना काटा तीनच्या किंचित खाली स्थिर राहिला. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी आमच्या नळापासून सुमारे तीस मीटर उंच आहे आणि पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे जवळजवळ १ बार दाब मिळतो, तेव्हा आकडा जुळतो. टाकीखालच्या मजल्यांना हेवा वाटावा असा हा दाब आहे, पण ८ बारच्या गिझरला त्याचा त्रास होण्याचे कारण नाही. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह बसवण्याचा खर्च त्यामुळे टळला.

शनिवार, १३ डिसेंबर २०२५

आज गिझर उघडला. सोबत सोसायटीत नेहमी येणारा प्लंबर होता.

एमसीबी बंद असल्याची खात्री टेस्टरने आणि नंतर मल्टीमीटरने केली. सेफ्टी व्हॉल्व्हची तोटी बुजलेली असल्यामुळे तिच्यातून पाणी काढणे शक्य नव्हते. म्हणून अँगल कॉक बंद करून थंड पाण्याची चाकी सैल केली, खाली बादली धरली आणि हवा आत जावी म्हणून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. आधी स्वच्छ पाणी आले, मग चहाच्या रंगाचे, आणि शेवटी त्यात पांढरे पापुद्रे येऊ लागले. झाकण काढल्यावर वायरींचे फोटो घेतले, कारण थर्मोस्टॅट व कटआऊटच्या वायरी परत जोडताना स्मरणशक्तीवर विसंबणे बरे नव्हे. झाकणाच्या आतील बाजूला गंजट पाण्याच्या वाळलेल्या कडा होत्या आणि कॉइलच्या एका टोकावर हिरवट थर चढलेला होता.

फ्लँजचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी सैल केले. फ्लँज सुटली पण कॉइल बाहेर येईना, कारण कॉइलभोवती क्षाराचा एवढा जाड थर बसला होता की ती भोकातून निघत नव्हती. प्लंबरने लाकडी दांडक्याने हलके ठोकून थर फोडला, तेव्हा ती निघाली. टाकीच्या तळातून हाताने काढलेले पांढरे तुकडे स्वयंपाकघरातील काट्यावर पाऊण किलो भरले. गेले वर्षभर गिझर तापताना जो खडखड आवाज येत असे, त्याचे कारण हेच : थराखाली अडकलेले पाणी कॉइलला चिकटून उकळते आणि वाफेचे बुडबुडे फुटत राहतात.

गॅस्केट बाहेर काढताना पापडासारखे तुटले. रबराची लवचीकता पूर्ण गेली होती आणि एका बाजूला आरपार चीर होती. झाकणातून येणाऱ्या पाण्याचे एक कारण हे निश्चित.

टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या अ‍ॅनोडची स्थिती अधिक बोलकी होती. नवीन असताना हा मॅग्नेशियमचा अंगठ्याएवढा जाड दांडा असतो. येथे त्याच्या आतली लोखंडी तार आणि तिला चिकटलेले दोन-तीन राखी गड्डे एवढेच उरले होते. मॅग्नेशियमचा प्रमाणित विद्युत विभव (जितका उणे, तितका धातू झिजायला तयार) उणे २.३७ व्होल्ट, तर लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट आहे. दोन्ही धातू एकाच पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की मॅग्नेशियम स्वतः झिजते आणि लोखंडाला गंजू देत नाही. ही युक्ती जुनी आहे : १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्त व लोखंड जोडण्याचा उपाय मांडला होता. तांबे वाचले, मात्र वाचलेल्या तांब्यावर शेवाळ व शिंपले जमू लागल्यामुळे नौदलाने तो उपाय सोडला. गिझरमध्ये तशी अडचण नाही. अडचण एवढीच आहे की दांडा संपला, हे बाहेरून कळत नाही. क्षार जास्त असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तो लवकर संपतो. आमचा नक्की कधी संपला, ते सांगता येणार नाही, पण त्यानंतर टाकी निराधार होती.

टॉर्च आणि लहान आरसा घेऊन टाकीचा आतला भाग पाहिला. वरचा लेप निळसर आणि चकचकीत आहे. तळाच्या घुमटाचा सांधा जिथे वेल्ड केला आहे, तिथे नाण्याएवढा तपकिरी फोड दिसतो. फोड नुसता वरवरचा आहे की आरपार, हे दिसण्यावरून ठरवता येत नाही.

रविवार, १४ डिसेंबर २०२५

पाण्याची कठीणता घरगुती चाचणी संचाने तपासली. टँकरच्या पाण्याचा आकडा लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर गेला. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात कठीणतेची स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे पाणी नियमाच्या कक्षेत असूनही गिझरचे वैरी आहे. पुण्याच्या जुन्या पेठांत राहणाऱ्या माझ्या भावाकडे खडकवासल्याचे पाणी येते; ते पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे मऊ आहे आणि त्याच्या गिझरची कॉइल कित्येक वर्षांनंतरही जवळजवळ स्वच्छ निघाली. आमच्या भागातील बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट सोबत घेऊन येते. पाणी तापले की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणजेच चुनखडी मागे राहते. सर्वांत गरम जागा कॉइलची, म्हणून चुनखडी आधी तिथेच बसते. तापमान जितके जास्त तितका थर वेगाने चढतो, त्यामुळे थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवून नंतर बादलीत थंड पाणी मिसळणे ही आपल्याकडील सवय जड पाण्याच्या भागात महागात पडते.

कॉइल सायट्रिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या, कोमट द्रावणात बुडवून ठेवली. न्हाणीघर साफ करण्याचे तीव्र अ‍ॅसिड काम लवकर करते, पण ते कॉइलच्या धातूलाही खाते, म्हणून ते टाळले. संध्याकाळपर्यंत थर मऊ होऊन ब्रशने निघाला. मल्टीमीटरने कॉइलचा रोध सुमारे २६ ओम आला. २००० वॅट आणि २३० व्होल्टच्या हिशेबाने तो तेवढाच असायला हवा. कॉइल शाबूत आहे.

आता निर्णय : नवे गॅस्केट, नवा अ‍ॅनोड आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह घ्यायचा. तळाच्या फोडाबद्दल शंका असूनही हा खर्च करावा, असे मत झाले, कारण गॅस्केट घट्ट बसल्याखेरीज टाकी गळते की नाही हे स्वतंत्रपणे कळणार नाही. आणि टाकी गेलेली निघालीच तरी यातील बराचसा माल छोट्या न्हाणीघरातील त्याच बनावटीच्या गिझरला उपयोगी पडेल.

बुधवार, १७ डिसेंबर २०२५

गॅस्केटची बैठक घासून गुळगुळीत केली, नवे गॅस्केट बसवले, नट पुन्हा समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. वीज न जोडता आणि झाकण न लावता टाकी भरली, गरम पाण्याच्या नळातून हवा निघून अखंड धार आल्यावर नळ बंद केला. खाली वर्तमानपत्र पसरले, म्हणजे पडलेला प्रत्येक थेंब डाग सोडेल आणि त्याची जागाही कळेल.

गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

सकाळी फ्लँज आणि गॅस्केटचा घेर पूर्ण कोरडा होता. वर्तमानपत्रावर मात्र मागच्या बाजूला, भिंतीकडे, तपकिरी डागांची रांग होती. बाहेरचे आवरण आणि आतली टाकी यांच्यामध्ये पिवळसर फोम भरलेला असतो. त्या फोमच्या खालच्या कडेतून गंजट पाणी पाझरत होते. गॅस्केटमधून गळणारे पाणी स्वच्छ असते, फोममधून झिरपत येणारे पाणी गंज घेऊन येते. पहिल्या दिवशी टाइल्सवर दिसलेला ओघळ याच पाण्याचा होता. टाकीला वेल्डच्या सांध्याशी छिद्र पडले आहे आणि पाणी फोममधून वाट काढत भिंतीकडच्या कडेला उतरते आहे.

प्लंबरला बोलावून दाखवले. तो म्हणाला, "काका, टाकीच गेलीय. वेल्डिंग मारून देतो म्हणणारे मिळतील तुम्हाला, पण मी नाय करणार." त्याच्याशी मी सहमत आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने छिद्राभोवतीचा काचेचा लेप हातभर तडकतो आणि एका छिद्राच्या जागी पुढे चार छिद्रे पडतात. बाहेरून लावलेली लांबी तर दाबाखाली टिकतच नाही. ज्या भांड्यात दाबाखाली गरम पाणी साठवायचे आणि ज्याच्याखाली रोज कोणीतरी उभे राहणार, त्यावर असले उपचार करू नयेत.

नवा गिझर येईपर्यंत पाणी गॅसच्या शेगडीवर तापवले जाईल. माळ्यावर जुनी पाणी तापवण्याची रॉड आहे, परंतु घरात लहान मूल असल्यामुळे ती काढायची नाही, असे सूनबाईंनी स्पष्ट सांगितले आहे.

शनिवार, २० डिसेंबर २०२५

पर्यायांचा विचार. गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. आमच्या न्हाणीघराला बाहेरची मोकळी भिंत नाही, म्हणून तो प्रश्न तिथेच संपला. गच्चीवरील सौर संच दुसऱ्या मजल्याला सोयीचा नाही, कारण गरम पाणी खाली येईपर्यंत बादलीभर थंड पाणी वाहून जाते. तीन लिटरचा तात्काळ गिझर स्वयंपाकघराला ठीक आहे. म्हणून पुन्हा साठवणीचाच.

आकाराचा हिशेब असा : २५ लिटर पाणी ६० अंशांवर असेल आणि ते २० अंशांच्या पाण्यात मिसळून अंघोळीला ४० अंशांचे करायचे असेल, तर सुमारे ५० लिटर मिळते, म्हणजे वीस लिटरच्या अडीच बादल्या. १५ लिटरच्या गिझरमधून तीस लिटर मिळते. सकाळी एकापाठोपाठ अंघोळी असतात, तेव्हा २५ लिटर योग्य. थंड टाकी २० वरून ६० अंशांवर न्यायला १.१६ युनिट वीज आणि २००० वॅटच्या कॉइलला पस्तीस मिनिटे लागतात.

टाकी स्टेनलेस स्टीलची घ्यावी की काचेच्या लेपाची, यावर दुकानदाराने बराच वेळ घेतला. स्टेनलेस स्टीलला क्लोराइड मानवत नाही आणि बोअरच्या पाण्यात ते असते. वेल्डच्या सांध्याशी ते बारीक छिद्रे पाडते. लेपाची टाकी जाड अ‍ॅनोडसह घ्यावी आणि अ‍ॅनोड वेळेवर बदलावा, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटला. हमीपत्रातील बारीक अक्षरे दुकानातच उभे राहून वाचली. टाकीची हमी बरीच वर्षांची आहे, परंतु पाण्याची कठीणता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असल्यास किंवा अ‍ॅनोड वेळेवर न बदलल्यास ती लागू होत नाही, म्हणजे आमच्यासारख्यांना ती जेमतेमच लागू होते. आयएस २०८२ चे चिन्ह, ऊर्जा बचतीचे तारे आणि ८ बारची मर्यादा पाहून गिझर निश्चित केला.

बुधवार, २४ डिसेंबर २०२५

नवा गिझर बसवला. पाण्याने भरल्यावर त्याचे वजन पस्तीस किलोच्या वर जाते, म्हणून जुन्या भोकांतले फास्टनर वापरले नाहीत. ओलीमुळे त्यांभोवतीचे प्लास्टर भुसभुशीत झाले होते. भिंत भाजक्या विटांची आहे, त्यामुळे नवी भोके थोडी बाजूला घेऊन अँकर फास्टनर ठोकले. भिंत हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची असती तर यासाठी वेगळे फास्टनर लागले असते.

जोडणीचा क्रम : आधी अँगल कॉक, नंतर सेफ्टी व्हॉल्व्ह, नंतर गिझर. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक ठेवलेला नाही, कारण तो कॉक कोणी बंद केला तर व्हॉल्व्हचा संबंधच तुटेल. व्हॉल्व्हच्या तोटीला पारदर्शक नळी जोडून ती उताराने मोरीच्या जाळीपर्यंत आणली आणि तिचे टोक उघडे ठेवले. आता थेंब कोणाच्या डोक्यावर पडणार नाहीत, त्यामुळे तोटी बुजवण्याची इच्छाही कोणाला होणार नाही.

जुन्या १६ अँपिअरच्या सॉकेटचे एक छिद्र काळवंडलेले होते. २००० वॅटला जेमतेम पावणेनऊ अँपिअर लागतात, म्हणजे दोष भाराचा नसून सैल जोडणीचा होता. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलले. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ या दोन्ही मोजण्यांत जवळजवळ सारखेच व्होल्टेज आले, तेव्हा अर्थिंग जोडलेले आहे. टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला हवा न मिसळलेली धार आल्यावरच एमसीबी वर केला. कोरड्या टाकीत कॉइल चालू केली तर ती काही मिनिटांत जळते. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला.

शनिवार, २७ डिसेंबर २०२५

व्हॉल्व्हच्या नळीखाली मोजपात्र ठेवून थंड टाकी पूर्ण तापू दिली. पहिली काही मिनिटे काहीच आले नाही, कारण लाइनीच्या ३ बारपासून व्हॉल्व्ह उघडण्याच्या दाबापर्यंत पोहोचण्यात थोडे प्रसरण खर्ची पडते. मग थेंब सुरू झाले आणि थर्मोस्टॅटचा दिवा विझल्यानंतर लवकरच थांबले. मोजपात्रात साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी जमले. कागदावरचा आकडा पावणेचारशेचा होता.

छोट्या न्हाणीघरातील गिझरचा व्हॉल्व्हही पाहिला. तो उघडा आहे आणि त्याच्या तोंडाशी क्षाराचा खडा आहे. त्याची तरफ वर-खाली केल्यावर खडा फुटून पाणी आले. १४ तारखेला घेतलेला अ‍ॅनोड आणि गॅस्केट त्याला बसवले. त्याचा जुना अ‍ॅनोड अर्धा शिल्लक होता.

शनिवार, ३१ जानेवारी २०२६

महिनाभरात झाकणाखाली ओल नाही, भिंत वाळली आहे. खालच्या मजल्यावरील काकूंच्या छतावर आलेला पोपडा खरवडून तिथे रंगाचा हात आमच्या खर्चाने दिला. सोसायटीच्या सूचना फलकावर व्हॉल्व्हच्या तोटीचे छायाचित्र लावले, त्यानंतर आणखी काही घरांत तोटी बुजवलेली आढळली. एका घरात तर लाकडी खुंटी ठोकलेली होती. सचिवांनी टँकरच्या पाण्यासाठी सामायिक सॉफ्टनर बसवण्याचा विषय पुढील सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे. माझे मत त्याला अनुकूल आहे, परंतु सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, एकूण क्षार कमी करत नाही. कॉइल स्वच्छ राहील, अ‍ॅनोड मात्र पूर्वीसारखाच झिजेल, हे सभेत सांगावे लागेल.

जुना गिझर भंगारवाल्याने नेला. देण्यापूर्वी त्याचा तळ करवतीने कापून पाहिला : छिद्र टाचणीच्या टोकाएवढे होते आणि ते फोडाच्या मधोमध नसून वेल्डच्या कडेला होते.

उरलेली कामे : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही व्हॉल्व्हच्या तरफा उचलून पाणी सोडणे. नव्या गिझरचा अ‍ॅनोड डिसेंबर २०२६ मध्ये कंपनीच्या तंत्रज्ञाकडून उघडून पाहणे, म्हणजे हमीपत्राला बाधा येणार नाही. त्याची जाडी व्हर्निअरने मोजून येथे लिहायची आहे. नव्या दांड्याची जाडी बसवताना २१ मिलिमीटर होती.